नकली रबर आणि चोरीचे लोखंड

मित्रांनो, माझा आवाज जरा घोगरा आहे, तेवढे सांभाळून घ्या. मी एका पशुवैद्याची मोटार. चार दारे, गोल पाठ आणि दुधात निळीचा थेंब पडावा तसा रंग. मी ज्या कारखान्यात जन्मले तो केव्हाच बंद पडला. तिथले कामगार काही फार हळुवार नव्हते. हातोडी आणि शिव्या दोन्ही सढळ हाताने वापरत. पण त्यांनी एखादा स्क्रू आवळला, की तो आवळलेलाच राहायचा.

डॉक्टर मला घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरत. माझ्या मागच्या सीटवर आजारी वासरे झोपली, शेळ्यांनी लेंड्या टाकल्या, एकदा तर एका कुत्रीने तिथेच पिल्ले घातली. औषध, शेण आणि ओली लोकर यांचा वास माझ्या कापडात मुरला. मला त्याची कधी किळस आली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी किळसेबद्दल बरेच बोलणार आहे आणि तुम्हाला वाटेल, ही म्हातारी उगाच नाक मुरडणारी आहे. तसे नाही. कामाची घाण धुतली की जाते.

डॉक्टर गेले आणि मी पत्र्याच्या छपराखाली उभी राहिले. उंदरांनी सीटमधला काथ्या नेला. गंजाने दारांच्या कडा कुरतडल्या. बरीच वर्षे अशी गेल्यावर डॉक्टरांच्या थोरल्या मुलीने, ताईने, मला बाहेर ओढले. ताई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या मलमपट्ट्या करते. तिला रोजच्या कामाला गाडी हवी होती. तिच्या धाकट्या भावाला मात्र मी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मिरवायला हवी होते. दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते: मला आधी धड करायचे.

जुन्या गाडीला रंग मिळतो, काचा मिळतात, कापड मिळते. मिळत नाहीत ते आतले सुटे भाग. आणि जिथे खरे मिळत नाही, तिथे खोटे कसे धावत येते ते मी पाहिले.

माझा मास्टर सिलिंडर, म्हणजे पायाचा जोर चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा भाग, झिजला होता. धाकट्याने बाजारातून नवा आणला. खोक्यावर माझ्याच कारखान्याचे नाव छापले होते, फक्त त्यातले एक अक्षर चुकले होते.

"कंपनीचा माल आहे, डोळे झाकून लावा, असं म्हणाला दुकानदार," धाकटा म्हणाला.

डोळे झाकूनच लावण्यासारखा होता तो! वरून चंदेरी रंग, नखाने खरवडला की खाली गंज. आतल्या रबरांना जळक्या चपलेचा वास. गॅरेजच्या मिस्त्रीने तो लावून पाहिला, तर बसेना. मग त्याने कानस घेतली.

"थोडा घासला की बसतोय. एवढं चालतंय."

कुणाचा तरी चावलेला घास आपल्या तोंडात कोंबावा, तसे मला झाले. पण गाडीला थुंकता येत नाही.

काही दिवस ब्रेक लागले. मग एका दुपारी ताई रुग्णाकडून परत येत होती. रस्ता उताराचा होता. खाली एक आई बाळाची बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. ताईने ब्रेक दाबला. पायाखालचे पॅडल चिखलात रुतावे तसे थेट तळाला गेले. तिने पुन्हा दाबले. काहीच नाही. तिने हॉर्न वाजवला, हँडब्रेक खेचला आणि मला बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातले. माझा डावा गाल चेपला, नाकात वाळू गेली. ती आई जागच्या जागी उभी होती. बाळ मात्र माझ्याकडे बघून हसत होते.

मिस्त्रीने सिलिंडर उघडला तेव्हा आतली रबरे ब्रेक ऑइल पिऊन भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती. बोटांत धरली तर त्यांचा काळा लगदा होत होता.

"ताई, मला काय माहीत?" धाकटा पुटपुटला.

"मलाही माहीत नव्हतं. आता कळलं ना? पुन्हा तसलं खोकं घरात आणलंस तर तुलाच खायला घालीन."

मिस्त्री म्हणाला, "माझ्यावर सोडा. माझ्या ओळखीत एक जण आहे. जुना पण अस्सल भाग काढून देतो."

आणि खरेच, त्याने अस्सल भाग आणला. तो माझ्या अंगाला लागताच मी ओळखले, हा आमच्याच कारखान्याचा. सासरी कुणी माहेरचे माणूस भेटावे तसा आनंद झाला. पण भंगारातल्या भागात तेल वाळून त्याची राळ झालेली असते. यात तेल ओले होते. फटींत पीठ अडकले होते. आणि खालच्या बाजूला अर्धवट खरवडलेला एक हिरवा ठिपका होता. माझा आनंद तिथेच आंबला.

गाल ठोकून सरळ करण्यासाठी मी गॅरेजमध्येच होते. ताई आणि धाकटा मला न्यायला आले, त्याच वेळी दोन माणसे एक गाडी ढकलत आत आली. ती माझीच बहीण होती. तीच गोल पाठ, फक्त रंग पिवळा. तिचे तोंड फुटले होते. मागून हात गळ्यात बांधलेली एक वयस्क बाई आली. ती पलीकडच्या गल्लीत बेकरी चालवत असे.

"मिस्त्री, तुम्ही गाडीचं नुसतं इंजिन ऑइल बदललं होतं ना? मग ब्रेक कसे गेले? माझ्याच दुकानाच्या शटरवर आदळले मी!"

"जुनी गाडी आहे मावशी. वय झालं तिचं."

"वय माझंही झालंय. पण माझे गुडघे कुणी काढून नेले नाहीत अजून." तिने एका हाताने बॉनेट उघडले. "हा सिलिंडर माझा नाही. आमच्या ह्यांनी प्रत्येक भागाला हिरवा ठिपका लावून ठेवला होता. म्हणायचे, गॅरेजात गाडी सोडायची तर विश्वास ठेवावा, पण ठिपकाही ठेवावा."

मिस्त्री फडक्याने हात पुसू लागला. हात आधीच स्वच्छ होते. ताईने माझे बॉनेट उघडले, वाकून खाली बघितले आणि सरळ उभी राहिली.

"मावशी, जरा इकडे या."

बेकरीवालीने माझ्या पोटात हात घालून त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवले.

"तुमच्यासाठीच केलं हो ताई," मिस्त्री म्हणाला. "कुठे मिळतच नव्हता. आणि मावशी कुठे लांब जातात?"

"रोज पहाटे पाव पोचवते मी," बेकरीवाली म्हणाली. "शाळेच्या दारावरून जाते."

मित्रांनो, फुगलेल्या रबराची किळस मी सोसली होती. ही किळस निराळी होती. मला धड करण्यासाठी माझ्याच बहिणीच्या छातीत तसलाच खोक्यातला कचरा कोंबला होता, आणि तिचा धड भाग माझ्यात सुखाने चालत होता. अंगातले सगळे तेल गाळून टाकावे असे वाटले.

"काढा," ताई म्हणाली.

"ताई, प्रदर्शन तोंडावर आलंय," धाकटा हळूच म्हणाला. "ते झालं की देऊ ना. तोवर मावशींना दुसरा..."

"दुसरा कुठला? खोक्यातला?"

धाकट्याने बेकरीवालीच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिले आणि स्वतःच पाना उचलून मिस्त्रीच्या हातात दिला.

सिलिंडर बहिणीला परत बसेपर्यंत ताई तिथून हलली नाही. मग मला दोर बांधला, ताई बहिणीच्या स्टिअरिंगवर बसली आणि त्या फुटक्या तोंडाच्या बहिणीनेच मला घरी ओढत आणले. माझ्या स्टिअरिंगवर धाकटा बसला होता. हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून तो घामाने निथळत होता. प्रदर्शन चुकले. ताई बसने आणि पायी रुग्णांकडे जाऊ लागली. संध्याकाळी ती पाय गरम पाण्यात घालून बसायची. पण घाई करू या, असे एकदाही म्हणाली नाही.

माझा मूळचा झिजलेला सिलिंडर धाकट्याने अडगळीतून शोधून काढला. लेथवाल्याने त्यात पितळी नळी बसवली. रबरांसाठी ताई आणि बेकरीवाली मिळून एका रबर कारखान्यात गेल्या, कारण बहिणीचीही रबरे आज ना उद्या बदलावी लागणार होती. नमुना देऊन त्यांनी साच्यातून नवी रबरे पाडून घेतली. पण थेट बसवली नाहीत. बेकरीच्या खिडकीत बरण्या मांडल्या, बरण्यांत ब्रेक ऑइल ओतले आणि रबरे भिजत घातली. धाकटा रोज जाऊन त्यांना दोरा गुंडाळून घेर मोजायचा. पहिली सगळी फुगली.

"एवढं कोण बघतं बाई?" कारखानदार वैतागला.

"आम्ही बघतो," बेकरीवाली म्हणाली आणि ती फुगलेली रबरे त्याच्या टेबलावर ओतून आली.

दुसऱ्या खेपेची फुगली नाहीत. ती आज माझ्या आणि बहिणीच्या पोटात आहेत. ताई ब्रेक दाबते, मी थांबते. मधल्या काळात मिस्त्रीचा धंदा वाढून गॅरेजवर मोठी पाटी लागली आहे, आणि बाजारातली ती खोकी अजून हातोहात खपतात.

म्हणून, मित्रांनो, एवढेच मागते. जुन्या वस्तूला जपा, पण दुसऱ्याची मोडून नको. भाग घेताना तो कुठून आला ते विचारा, आणि उत्तर देताना कुणी हात पुसू लागला तर तिथून निघा. उद्या तुम्ही स्वतः काही बनवाल, तेव्हा त्यावर स्वतःचे नाव घाला. जिच्यावर नाव घालायला बनवणाराच धजत नाही, ती वस्तू आमच्या पोटात घालू नका. आम्हांला थुंकता येत नाही.