डिसेंबरातली बाटली

"वेंडेल, माझी बाटली तू काढलीस?" मी त्याच्या दारातच विचारलं. चर्चला घातलेला कोट अजून अंगावरच होता.

"काढली." तीस वर्षांचा शेजार, लपवाछपवी कधी जमलीच नाही त्याला. "अगं वर्ला, डिसेंबर उजाडला. तू साखरपाणी टांगतेस म्हणून तो हमिंगबर्ड दक्षिणेला जात नाही. गोठून मेला तर पाप कुणाच्या माथी?"

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

आमच्या ओहायोत हे लहान पोरांनाही पाठ असतं. ऑक्टोबर लागला की परसातल्या बाटल्या उतरवायच्या, नाहीतर पाखरं लोभानं थंडीत इथंच अडकतात. जन्मभर मीही उतरवल्या. पण यंदाचा पाहुणा आमच्याकडचा नव्हताच. आमचे पाठीला हिरवे; हा विटकरी, आणि आला तोच नोव्हेंबरात. पक्षीमंडळाची बाई दुर्बीण घेऊन आली आणि हरखूनच गेली. हा पश्चिमेच्या डोंगरातला, इकडं क्वचित दिसतो, म्हणाली. "बाटलीपायी कुणी अडकत नाही. वेळ झाली की जातात. तोवर पोटाला मिळू द्या."

तेव्हापासून रोज पहाटे पाचला उठून मी गोठलेली बाटली बदलत होते. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलीय, पहाटेचं मला काय कौतुक?

"आण ती इकडं," मी म्हटलं.

"अगं, भल्यासाठीच केलं."

"भलं करणारे ढीगभर आहेत. मुलगी म्हणते घर विक, डॉक्टर म्हणतो जिना चढू नकोस. तू रांगेत मागं उभा राहा."

त्यानं निमूट बाटली दिली. परसात आले तर पाखरू बाटलीच्या रिकाम्या आकड्याशेजारच्या फांदीवर पिसं फुगवून बसलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. मी बाटली टांगली. माझा हात निघायच्या आत त्यानं चोच घातली. "पी, मेल्या," मी म्हटलं. मला रडू फुटलं आणि वेंडेलचा रागही तेवढाच आला.

पुढं तीन आठवडे वेंडेल रोज कुंपणाशी येऊन बघायचा. माझ्याशी बोलायचा नाही.

नाताळच्या आधी एका स्वच्छ सकाळी पाखरू बराच वेळ प्यालं, गॅरेजवरून उंच गेलं आणि दक्षिणेकडं वळलं. दोन दिवस वाट पाहिली. मग मी वेंडेलचं दार वाजवलं.

"गेला. भरल्या पोटी, आपल्या मनानं."

"मग आता तरी उतरवशील ना बाटली?"

"नाही."

घरी आले. खिडकीबाहेर कुणीच नव्हतं. मी चार वाट्या पाणी उकळायला ठेवलं आणि साखरेचा डबा काढला.