पंधरा दिवसांचं ऊन

जालन्यात सुगनचंद शेठच्या दुकानात कल्याण बारा वर्षांपासून कामाला होता. वजनकाटे, बिलाची मशीन, लेबल छापायचे प्रिंटर असा दुकानाचा माल. आधी शेठ विकायचे आणि कल्याण दुरुस्त करायचा. पुढे पुढे विकायच्या आधी शेठ त्यालाच विचारू लागले, आणि मग जिल्ह्यातले लहान डीलरही. भोकरदनचा सोमेश्वर तर कंपनीचं रंगीत पुस्तक उघडतही नसे. "कल्याणभाऊ काय म्हणतेत ते सांगा," एवढंच फोनवर म्हणायचा.

म्हणून दर मार्चमध्ये कल्याण एक तक्ता करायचा. बाजारात चालणारे तीन-चार ब्रँड घ्यायचे आणि एकेका गोष्टीत एकमेकांशी ताडून बघायचे. अक्षर ठळक उमटतं का, धुळीत कागद अडकतो का, सुटा भाग जालन्यात मिळतो की संभाजीनगरहून मागवावा लागतो. शेवटचा रकाना उन्हाचा. प्रत्येक मशीनवर छापलेली लेबलं तो दुकानाच्या गच्चीवर पत्र्याला चिकटवायचा आणि पंधरा दिवसांनी बघायचा. तक्त्याखाली ठरलेली ओळ असायची : सर्व लेबलं पंधरा दिवस उन्हात ठेवून पाहिली आहेत. खाली त्याची सही. शेठ तो कागद डीलरांच्या बैठकीत वाटायचे.

त्या वर्षी तीन ब्रँड होते. मिहोरा आणि टार्क्सन हे रिबनवाले, म्हणजे शाईची पट्टी लावून छापणारे. तिसरा ओनिरा, नवा. त्याला रिबन लागत नव्हती. खास कागदावर नुसत्या उष्णतेनं अक्षर उमटायचं. मशीन स्वस्त, देखणं, आवाज नाही. पण ते आलं उशिरा, बैठकीला सोळा दिवस उरले असताना. कल्याणनं त्याच दिवशी त्याची लेबलं गच्चीवर चिकटवली. तिसऱ्या दिवशी वावटळ आली आणि ती पट्टी निघून कुठं गेली ते कळलं नाही. उद्या दुसरी लावू म्हणून तो खाली आला. मग परतूरला काटे बसवायचं काम निघालं, मग मार्चअखेरची गडबड. बैठकीच्या आदल्या दिवशी तक्ता भरायला बसला तेव्हा त्याला आठवलं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, अक्षर वर्षभर टिकतं. मिहोरा ठीक, टार्क्सन ठीक. ओनिरापुढंही त्यानं ठीक लिहिलं आणि खाली सही केली.

एप्रिलमध्ये एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीनं तो तक्ता बघून ओनिरा घेतला. तिथले मॅनेजर भुजंगराव रिबन बदलण्याच्या कटकटीला कंटाळले होते. मशीन बसवायला कल्याण गेला आणि चालवायला शिकवलं ते दैवशालाला.

दैवशाला त्याच्याच गावची, हसनाबादची, एकाच गल्लीतली. नवरा कारभारी रोलिंग मिलमध्ये होता, म्हणून दोघं चंदनझिऱ्यात खोली घेऊन राहत. दोन वर्षांपूर्वी या कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला तो कल्याणनंच. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण हात नेमका. पहिलं लेबल निघालं की ती ते अंगठ्यानं घासून बघायची, लॉट नंबर कागदाशी पडताळायची आणि मगच पुढची छापायची. त्या दिवशीही तिनं लेबल उजेडाकडं धरून बघितलं होतं.

"कल्याणभाऊ, हे बिगर शाईचं टिकंल ना?"

"टिकंल. तपासलंय मी."

"मंग काही न्हाई," ती म्हणाली आणि कामाला लागली.

मे महिन्याच्या शेवटी भुजंगरावांचा फोन आला. ताबडतोब या, एवढंच बोलले. कल्याण गाडी काढून गेला. गोदामात बियाण्याच्या गोण्या छताला लागतील अशा रचलेल्या होत्या. पत्र्यांमध्ये मधे मधे उजेडासाठी पांढरी प्लॅस्टिकची शीट बसवलेली, आणि त्याखालच्या तीन रांगांमधल्या गोण्यांवरची लेबलं कोरी दिसत होती. जवळ जाऊन बघितलं तर अक्षरांची पिवळट सावली तेवढी उरली होती. वाण कोणतं, लॉट कोणता, तपासणी कधीची, काही वाचता येत नव्हतं. मधे हमालांनी रांगा हलवल्या होत्या, त्यामुळे जागेवरूनही ओळखायची सोय उरली नव्हती.

"तीनशे चाळीस गोण्या," भुजंगराव म्हणाले. "पेरणी तोंडावर आहे. सगळं परत उगवण तपासणीला पाठवावं लागणार. हेड ऑफिसला मी काय सांगू?"

दैवशाला टेबलाजवळ उभी होती. लाइनीतल्या बाकीच्या बाया काम थांबवून बघत होत्या.

कल्याणनं कॉम्प्युटरवर प्रिंटरची सेटिंग उघडली. छपाईच्या गडदपणाचा आकडा त्यानं स्वतः टाकला होता तोच होता, बारा. कोणी हात लावलेला नव्हता. त्याला सगळं कळलं. गच्चीवरचा पत्रा डोळ्यासमोर आला.

"एक सांगा," भुजंगरावांनी विचारलं. "बाईनं सेटिंग कमी करून छापलं असंल, तर असं होतं का?"

त्यांनी आधीच मनात काहीतरी धरलं होतं. कल्याणनं फक्त नाही म्हणायचं होतं. स्क्रीन वळवून बारा दाखवायचे होते. त्यानं स्क्रीन बंद केली.

"होऊ शकतं," तो म्हणाला.

"मी हात लावला न्हाई, साहेब," दैवशाला म्हणाली. मग तिनं कल्याणकडं बघितलं. "लावला का हो मी, भाऊ? चुकून?"

तो वायरी गुंडाळत राहिला.

त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. चार दिवसांनी कल्याणच्या बायकोनं, शीतलनं, जेवताना सांगितलं, "दैवशालाताई गावाकडं निघून गेली म्हणं. शेजारच्या बाया विचारत्यात, तोंड दाखवायला नको वाटतं म्हणाली. तुम्हाला माहीत व्हतं का?" कल्याण हो म्हणाला आणि भाकरी अर्धी सोडून उठला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो गच्चीवर गेला. ओनिराची पाच लेबलं पत्र्याला चिकटवली, कडांना वरून टेप मारली. रोज सकाळी जाऊन बघू लागला. पहिले सहा दिवस अक्षर काळं कुळकुळीत होतं, आणि ते बघून त्याला बरं वाटायचं. सातव्या दिवशी आपल्याला बरं का वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं. लेबल टिकलं म्हणजे चूक दैवशालाची ठरणार होती. स्वतः बारा बघितलेला माणूस तशी आशा करत होता. तो तिथंच पाण्याच्या टाकीजवळ बसून राहिला. खालून शेठनी दोनदा हाक मारली तरी त्याला उठवेना.

नवव्या दिवशी अक्षर तपकिरी झालं. अकराव्या दिवशी नाव वाचता येत नव्हतं.

ती पट्टी काढून त्यानं शेठच्या टेबलावर ठेवली. सुगनचंद शेठ साठीचे, अंगानं बारीक, हळू बोलणारे. त्यांचे आजोबा राजस्थानातून जालन्याला आलेले, पण शेठ बाजारातल्या कोणासारखंच मराठी बोलत. कल्याणनं सगळं सांगितलं. वावटळ, ठीक लिहिलेला रकाना, भुजंगरावांचा प्रश्न. शेवटी, स्क्रीनवर बारा दिसत असताना दिलेलं उत्तरही.

शेठनी चष्मा काढून पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"लेबलाचं समजू शकतो," ते म्हणाले. "घाईत माणसाकडून राहून जातं. पण तिथं बारा दिसून राह्यले होते, बराबर?"

"हो."

"आणि बाई समोर उभी."

"हो शेठ."

"मंग मला कशाला सांगतो? डीलर लोकांना आज फोन कर. मशीन परत घ्यायचे तर आपण घेऊ, ते माझ्यावर. पण बाईचं मी नाही करू शकत. ते तुझं आहे."

कल्याणनं दुपारभर फोन केले. अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी. प्रत्येकाला तेच सांगितलं : मी तपासलं नव्हतं, तरी लिहिलं. काही जण बरं झालं सांगितलं म्हणाले. सोमेश्वरनं चार मशीन विकली होती. तो म्हणाला, "कल्याणभाऊ, मी तुमचा कागद बघून डोळे झाकून माल देत व्हतो." रागावला असता तर कल्याणला सोसलं असतं.

मग तो भुजंगरावांकडं गेला. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर उघडून आकडा दाखवला. भुजंगरावांनी ऐकून घेतलं, दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"हे तुम्ही त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. मी वर बाईची चूक म्हणून कळवलंय. जागेवर दुसरी मुलगी घेतली. आता तिला काढू?"

"न्हाई. पण तुम्ही वर खरं कळवा."

"कळवतो," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मेल केला आणि प्रत कल्याणला पाठवली. माणूस वाईट नव्हता.

रविवारी कल्याण हसनाबादला गेला. दैवशाला सासूच्या घरासमोर गोणपाटाच्या चवाळ्यावर तुरीची डाळ वाळायला पसरत होती. त्याला बघून तिनं खाट ओढून दिली, पाणी आणलं. ती वाळल्यासारखी दिसत होती. तो खाटेवर बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, आणि माफ करा म्हणाला.

तिनं मधे एकदाही अडवलं नाही. त्याचं बोलणं संपलं तरी डाळीवरून हात फिरवत राहिली.

"तीन आठवडे झाले," ती शेवटी म्हणाली. "रोज आठवून राह्यले, की माझा हात कधी लागला. टेबल पुसताना लागला का, चहाच्या टायमाला लागला का. मला पक्कं माहीत व्हतं न्हाई लागला. पण तुम्ही होऊ शकतं म्हणले. तुम्ही मला शिकवल्यालं. मंग मला वाटलं, लागला आसंल. मी आमच्या यांलापण तसंच सांगितलं, की लागला आसंल."

कल्याणला खाली बघता येत नव्हतं आणि वरही.

"मी भुजंगरावांना सांगितलंय. त्यांनी वर कळवलं."

"त्येंला सांगितलं ते बरं केलं." तिनं हात झटकले. "पण तवा बाया व्हत्या तिथं. अकरा जणी. दोन वर्षं संगं जेवल्या माझ्या. त्येंच्यासमोर सांगा. मी येते."

मंगळवारी ती सकाळच्या बसनं आली. भुजंगरावांनी जेवणाच्या सुट्टीत परवानगी दिली आणि स्वतः दारात उभे राहिले. बाया गोदामाच्या सावलीत गोल करून बसल्या होत्या, डबे उघडलेले. दैवशाला एका बाजूला उभी राहिली. कल्याणनं वाटेत वाक्यं जुळवली होती, ती एकही आली नाही.

"त्या गोण्यांच्या लेबलात दैवशालाताईची चूक नव्हती," तो म्हणाला. "मशीनची सेटिंग बराबर व्हती. मी ती त्याच दिवशी बघितली व्हती. कागदच उन्हात टिकणारा नव्हता, आणि तो न तपासता मी तपासला म्हणून लिहिलं व्हतं. माझी चूक दिसू नये म्हणून मी गप्प बसलो."

त्यांच्यात वयानं मोठ्या उषाबाई होत्या. त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"तिनं तुमालाच विचारलं व्हतं ना, लावला का म्हणून?"

"हो."

"आमी ऐकलं व्हतं. आमाला वाटलं, भाऊच गप्प हाये म्हंजे हिचंच चुकलं. आमीपण मंग तिला फोन केला न्हाई."

एवढं बोलून त्यांनी सरकून जागा केली. दैवशाला जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि कोणीतरी तिच्यापुढं भाकरी ठेवली. ती खायला लागली. खाता खाता रडत होती, पण बायांच्या मधे, कल्याणकडं पाठ करून. आपण आता इथं थांबायचं नाही एवढं त्याला कळलं. गेटपाशी तो अर्धा तास थांबला. ती बाहेर आल्यावर बस स्टँडवर सोडू का म्हणून त्यानं विचारलं.

"नगं. टेम्पो हाये," ती म्हणाली.

भुजंगरावांनी तिला पॅकिंगमध्ये परत यायला सांगितलं होतं. ती गेली नाही. जुलैत उषाबाईंच्या भाच्यानं पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या बियाणे कंपनीत तिच्यासाठी विचारलं आणि ती तिथं लागली, लेबलावरच. पुन्हा चंदनझिऱ्यात राहायला आली. एकदोनदा बाजारात दिसली तेव्हा कल्याणशी बोलली, शीतल कशी आहे विचारलं. बोलणं तेवढंच.

गणपतीच्या सुमारास एका सकाळी दुकानात फोन वाजला. शेठनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून कल्याणकडं बघितलं.

"दैवशालाबाई आहे. त्यांच्या टार्क्सनमध्ये लेबल तिरकं निघून राह्यलंय. माणूस पाठवा म्हणते." ते जरा अडखळले. "दुसरा कोणी असंल तर बरं, म्हणाली."

कल्याणनं हत्यारांची पिशवी उचललेली होती. ती त्यानं काउंटरवर ठेवली. शेठनी फोनवर हो म्हटलं आणि आतून आपल्या मुलाला, रजतला, हाक मारली. रजतला अजून फारसं येत नव्हतं. कल्याणनं पिशवीतून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि पुसायचं कापड काढून त्याला वेगळं बांधून दिलं, रोलरची बाजू कुठून उघडायची ते काउंटरवरच्या मशीनवर दाखवलं.

"आणि सेटिंग कोणी बदलली का, असं विचारू नको," तो म्हणाला. "त्या सांगतील ते लिहून घे. बराबर तेच झालेलं असतं."

रजतनं मान हलवली आणि गाडीची किल्ली घेऊन निघाला.