ओवाळणीचे डॉलर

मुक्ताबाई जहाजावर जाणार म्हटल्यावर तेलगावातल्या बायकांनी तिला समुद्राबद्दल विचारून विचारून हैराण केलं. पाणी किती खोल, उलट्या होतात का, बुडालं तर काय. अशा जहाजांवर वेटर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगतो, समुद्राला भ्यायचं काही कारण नाही. भ्यायचं ते बंदराला. जहाजावर खाणं-पिणं, झोपणं सगळ्याचे पैसे आधीच भरलेले असतात. बंदरात पाय ठेवला की पाकीट बाहेर येतं आणि माणसाची अक्कल आत जाते.

मी निवृत्ती आणि ती मुक्ताबाई, माझी धाकटी बहीण. नावं आजोबांनी हौसेनं ठेवली. मधले दोघे काही झाले नाहीत, त्यामुळे भांडायला आम्ही दोघंच. तिचा सुरज पुण्याला कंपनीत आहे. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सायलीनं, आईला सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. मुक्ताचे यजमान म्हशीपायी मागे राहिले. म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला दूध देत नाही, असं ते सांगतात. माझ्या मते विमानाला घाबरले.

केजला स्टँडजवळ माझं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. ते बायकोच्या, ज्योत्स्नाच्या हवाली करून मी जीप पकडली आणि तेलगावला गेलो. मुक्ताला समोर बसवून शिकवणी सुरू केली.

"हे बघ, जहाजावर जे कार्ड देतेत ते जहाजापुरतं. बाजारात ते दाखवलंस तर लोक हसतेल. सुरजनं दिलेलं बँकेचं कार्ड येगळं. आन् मशीन लई गोड इचारतं, रुपयात घेऊ का म्हनून. न्हाई म्हनायचं. तिथलं चलन हाय त्याच्यावर बोट दाबायचं. रुपयात म्हनलीस की भाव त्यांचा लागला."

"बरं."

"आन् डॉलर नेले तर कोऱ्या नोटा. आपल्याकडं चिकटपट्टी लावलेली नोटबी एसटीत खपती. तिथं डॉलरला जरा डाग दिसला की हात लावत न्हाईत."

"माझ्या कोऱ्याच हायेत," मुक्ता म्हणाली.

"तुझ्याकडं कुठले आले डॉलर?"

ती उठली, पेटी उघडली आणि लाल बटवा घेऊन आली. बटव्याच्या तोंडातून हिरव्या नोटांच्या कडा दिसल्या आणि तिनं लगेच दोरी ओढली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या नोटा मी ओळखल्या. माझ्याच होत्या.

त्याचं असं झालं. जहाजाच्या कंपनीला दिवाळी कळत नाही. दिवाळीच्या दिवसांत तर हमखास गर्दी, सुट्टी मागायचीच सोय नाही. वर्षामागून वर्षं माझी भाऊबीज कुठल्या ना कुठल्या बंदरात गेली. त्या दिवशी मी वीस डॉलरची एक कोरी नोट पासपोर्टमध्ये घालून ठेवायचो. ती मुक्ताची ओवाळणी. उन्हाळ्यात घरी आलो की आधी तेलगावला जाऊन ती तिच्या हातात द्यायची, "बीडला जाऊन मोडून घे, साडी घे" असं बजावायचं आणि मग आईकडं जायचं. दर वर्षी मी विचारायचो, "घेतली का साडी?" ती म्हणायची, "घेतली की." आणि मी मूर्खासारखा तिच्या अंगावरची साडी बघून समाधान मानायचो.

"म्हंजे एकबी नोट मोडली न्हाईस?" मी ओरडलोच. "मी तिथं लोकांची उष्टी ताटं उचलून त्या कमवायचो. तुला अंगावर काहीतरी घ्यावं म्हनून देयाचो. आन् तू पेटीत कोंबल्या?"

"कोंबल्या न्हाईत. जपल्यात."

"कावून?"

ती बटव्याची दोरी बोटाला गुंडाळत बसली. मी तिला माझी शपथ घातली. या नोटांचं तिकडं स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं. सुरजसाठी नाही, सुनेसाठी नाही, म्हशीसाठी तर नाहीच. घेतल्याशिवाय माघारी आलीस तर बोलणार नाही, असंही सांगितलं. तिनं मान हलवली, पण चेहरा मात्र पाडला.

परत येताना जीपमध्ये मला ती जुनी बंदरं आठवत राहिली. प्रवासी दुकानं बघत हिंडायचे आणि आम्ही पळायचो. दुपारचं जेवण आवरलं की रात्रीच्या तयारीपर्यंत दोनेक तास मिळायचे. तेव्हा कार्ड म्हटलं की आम्हाला एकच ठाऊक, फोनचं. बंदराजवळच्या टपरीत पाच डॉलरला मिळायचं. नखानं खरवडून आकडे दाबायचे आणि तेलगावच्या शिवशंकर वाण्याच्या दुकानी फोन लावायचा. तो मुक्ताला बोलवायला कुणालातरी पिटाळायचा आणि ती येईस्तोवर मला तुरीचा भाव, गावातली भांडणं, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं सांगत बसायचा. भला माणूस, पण माझे पैसे जळायचे. शेवटी धापा टाकत मुक्ता यायची, "दादा" म्हणायची आणि कार्ड संपायचं. त्या एका "दादा"साठी मी भर उन्हात पळत जायचो. आता तिच्याशी रोज फुकट बोलता येतं आणि आम्ही म्हशीबद्दल बोलतो.

तर मुक्ता गेली. विमानातून फोटो आला, जहाजावरून आला. जेवणाच्या ताटाचे फोटो तर इतके आले की मला परत नोकरीवर गेल्यासारखं वाटलं. मग एका दुपारी हॉटेलात भज्यांचा घाणा चालू असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. जहाज थायलंडला, फुकेतच्या किनाऱ्याला लागलं होतं. सुरज-सायली समुद्रावर छत्रीला बांधून उडायला गेले होते आणि तिला बाजारात सोडलं होतं. तिच्या फोनमध्ये सुरजनं तिथलं सिम घालून दिलं होतं.

"दादा, हे बघ." तिनं फोन फिरवला. मोत्यांचं दुकान होतं. निळ्या मखमलीवर कानातल्यांची एक जोडी, अगदी आपल्या कुड्यांसारखी. "हजार म्हनत हुती ही बाई. मी साडेसहाशेवर आणली."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. ती क्यालकुलेटरवर आकडा दाबती, मी पुसती आन् माझा दाबती."

मला इतका अभिमान वाटला की मी झारा ज्योत्स्नाच्या हातात दिला आणि फोन घेऊन बाहेर येऊन बाकावर बसलो. थायलंडचे साडेसहाशे बात म्हणजे साधारण वीस डॉलर. माझी बरोबर एक नोट. "दुकानदारणीला डॉलर देऊ नको," मी म्हणालो, "ती तिच्या मनानं भाव लावंल. शेजारी पैसे बदलून देनारं खोकं आसंल बघ. तिथं नोट मोड, आन् मग दे."

शेजारीच होतं. काचेमागं एक तरणी पोरगी बसली होती. मुक्तानं फोन बटव्यासकट तसाच छातीशी धरला होता, त्यामुळे मला तिचा हात आणि काच तेवढी दिसत होती. तिनं नोट काचेखालून सरकवली. पोरीनं पलीकडून धरली तरी मुक्ताची बोटं लवकर सुटेनात. "सोड की," मी म्हणालो. तिनं सोडली.

पोरीनं नोट उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि मान हलवून परत दिली. मुक्तानं दुसरी दिली. तीही परत आली. तिसरीही परत.

"काय म्हनती ती, दादा? नकली हायेत का?"

"फोन तिच्याकडं कर." मी माझं वेटरचं इंग्रजी बाहेर काढलं. पोरीनं अदबीनं सांगितलं की नोटा खऱ्या आहेत, पण प्रत्येकीवर डाग आहे, अशा नोटा पुढं बँक घेत नाही. आणि तिनं त्या परत घेऊन एकेक कॅमेऱ्यासमोर धरली.

नोटेवर तो केस मागं फिरवलेला गोरा म्हातारा असतो. त्याच्या कपाळावर, बरोबर मधोमध, कुंकवाचा टिळा होता. दुसऱ्या नोटेवरही. तिसरीवरही. कुठं जरा ओघळलेला, कुठं एखादा तांदळाचा दाणा चिकटून त्याची खूण राहिलेली, पण टिळा प्रत्येक नोटेवर. मला आधी हसूच फुटलं, आणि मग संताप आला.

"मुक्ते, तुला सांगितलंतं ना मी, डाग चालत न्हाई म्हनून!"

"कुंकू म्हंजे काय डाग हाय का?"

"त्यांना हायच की! आन् त्या गोऱ्या बाबाला कुंकू कावून लावलंस? लक्ष्मीपूजनाला नोटेच्या कोपऱ्याला बोट लावतेत, कपाळ शोधून टिळा कोन लावतं?"

तिनं फोन स्वतःकडं वळवला. मागं परदेशी लोक आईस्क्रीम खात चालले होते. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडत होता आणि ती तो एका हातानं धरत होती.

"लक्ष्मीपूजनाचं न्हाई ते," ती म्हणाली. "भाऊबीजेचं हाय."

"म्हंजे?"

"तू नसायचास ना दिवाळीला. गल्लीत समद्या बायकांचे भाऊ यायचे. मी ताट करून बसायचे आन् ओवाळायचं कुनाला? मग तू उन्हाळ्यात जी नोट देऊन गेलेला असायचास, ती पाटावर ठिवायचे. टिळा लावायचे, अक्षता टाकायचे, ओवाळायचे. सासूबाई हसायच्या. म्हनायच्या, हिचा भाऊ गोरा हाय." ती हसली आणि नाक ओढलं. "दर साली नवी नोट. एकदा टिळा लावल्याव ती मोडायची कशी, तूच सांग."

मी बाकावर बसून होतो. समोर बीडची गाडी लागली, माणसं खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की मी नसलो तरी माझे पैसे पोचतात, म्हणजे झालं. आणि इकडं माझी बहीण रिकाम्या पाटावर मला बसवत होती. मी तिला ओरडलो होतो, शपथ घातली होती. मला माझीच लाज वाटली आणि भर स्टँडवर डोळे भरून आले.

"दादा? दिसतोस पर बोलत न्हाईस. नेटवर्क गेलं का?"

"गेलं न्हाई," मी म्हणालो. "ऐक. त्या नोटा आत घाल. दोरी ओढ. एकबी मोडायची न्हाई. माघारी आन."

"तू शपथ घातलीस ना?"

"सुटली म्हन. मीच घातली, मीच सोडली."

तिनं एकेक नोट सरळ करून बटव्यात ठेवली. काचेमागची पोरगी बघत होती. मग मुक्ता म्हणाली, "कुड्या राहू दे मग. न्हाईतरी मला कुठं घालून मिरवायचं हाय."

"सुरजचं कार्ड काढ."

"पोराच्या पैशानं न्हाई घेनार मी. ओवाळणीचं घे म्हनालतास ना तू?"

"ओवाळणीचंच घ्यायचंय. थांब जरा." साडेसहाशेचे आपले सतराशेच्या आसपास होतात. मी तिला फोन चालू ठेवायला सांगून तिथंच सुरजच्या खात्यावर दोन हजार टाकले. पिन एकदा चुकला. "गेले. आता कार्ड सुरजचं, पैसे माझे. जा दुकानात."

ती गेली. दुकानदारणीनं मशीन पुढं केलं. "दादा, इचारतंय, रुपयात का त्यांच्यात?"

"कशात म्हनलं हुतं मी?"

"त्यांच्यात." तिनं बोट दाबलं. मशीनमधून कागद कुरकुरत बाहेर आला. दुकानदारणीनं कुड्या डबीत घालायला घेतल्या तर मुक्तानं तिचा हात धरला आणि जुनी फुलं काढून त्या तिथंच कानात घातल्या. मग फोन आधी एका कानाशी नेला, मग दुसऱ्या. इतक्या जवळ की मला नुसतं पांढरं दिसलं.

"चांगल्या दिसतेत का?"

"लई चांगल्या. आईवानी दिसायलीस."

तिच्या मागं कुणीतरी भाव करत होतं. सुरज-सायली यायला अजून वेळ होता आणि मला फोन ठेवायचा नव्हता.

"मुक्ते," मी विचारलं, "त्या नोटेला ओवाळताना काय म्हनायचीस गं?"

"काय म्हननार? जेवलास का, म्हनून इचारायचे. दुसरं काय इचारनार भावाला?"

दिवाळीच्या त्या दिवसांत जहाजावरचं आमचं जेवणघर तुडुंब भरायचं. एक पंगत उठायच्या आत दुसरी दारात. आम्ही ताटं घेऊन पळायचो आणि सगळं आवरून पुसून झालं की स्वयंपाकघरात उभ्यानं गार भात गिळायचो, तोही उरला असेल तर. भाऊबीजेला तर माझ्या घशाखाली घासच उतरायचा नाही.

"जेवायचो की," मी म्हणालो. "पोटभर."