बांधातलं बीळ

"वहिनी, भात लावलंय की उकिरडा?" थोरलीचा धाकटा दीर नाकाला पंचा लावून बांधावर उभा.

थोरलीनं मान वर केली नाही. खाचराच्या कोपऱ्यात, पाणी आत येतं त्या तोंडाशी, तिनं स्लरीची बादली रिकामी केली. "भावजी, तुम्ही भात नाकानं खाता काय?"

मी शेजारी माझ्या बांधावर गवत कापत होते. हसू आवरलं नाही, तर त्यानं माझ्यावरही डोळे वटारले.

त्यांचं घर खाचरालगतच, घरी गोबरगॅस आहे. त्यावरचा चहा सगळ्यांच्या घशाखाली मुकाट उतरतो. टाकीतून बाहेर पडणारा शेणकाला, तीच ती स्लरी, मात्र एकट्या थोरलीचा. नवरा लांबपल्ल्याच्या ट्रकवर, त्यामुळं खाचर तीच कसते, आणि ते धाकट्याच्या डोळ्यांत कधीचं सलतंय. मागच्या हंगामात तिनं मुगाला हात सैल सोडून स्लरी घातली. मूग नुसता माजला. पाला मांडीला लागला, शेंगा नावाला. तेव्हापासून धाकट्याचं सासऱ्याच्या कानाशी एकच पालुपद. शेवटी म्हातारा म्हणाला, "पोरी, यंदा भात हातचं गेलं, तर खाचर धाकट्याकडं."

"जाऊ दे तर!" थोरली म्हणाली. "मुगाला हे थोडंच लागतं, ते घातलं म्हणून तर कळलं, मामंजी. भाताची भूक वेगळी."

पण भातानं तिची लाज राखायची चिन्हं दिसेनात. तिचं खाचर पिवळट, मलूल. बांधापलीकडं धाकट्याचं मात्र काळंभोर हिरवं. मलाच तिच्याकडं बघवेना. "बाई गं, दे सोडून ते शेण," मी म्हटलं.

"तू गवत काप," ती म्हणाली.

एका सकाळी धाकटा म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला. "बघा बाबा. हे आपलं, विकतच्या खताचं. आणि ते वहिनींचं. आता तुम्हीच काय ते बोला."

म्हातारा बोलणार, तेवढ्यात थोरली म्हणाली, "भावजी, खत सगळीकडं सारखं फेकलंत ना?"

"मग? मुठीमुठीनं."

"तर मग हिरवं एवढ्याच कोपऱ्यात का?"

तेव्हा कुठं आम्ही सगळ्यांनी नीट बघितलं. धाकट्याचं सगळं भात हिरवं नव्हतंच. बांधाच्या एका जागेपासून हिरवा पट्टा निघून पुढं पसरत गेला होता, कुणी घडा कलंडवावा तसा. त्याच्या पलीकडचं भात तिच्याइतकंच मरगळलेलं.

थोरलीनं पदर खोचला, चिखलात गुडघे टेकले आणि बांधाच्या पोटात हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला. पलीकडं धाकट्याच्या पाण्यात तिची बोटं वळवळली.

"खेकड्याचं बीळ!" मी ओरडले.

"माझ्या पाण्याच्या तोंडालाच," ती म्हणाली. चिखलानं माखलेलं तोंड, पण डोळे कसे लखलखत होते! "ओतत होते मी, जेवत होते भावजी."

धाकटा पुटपुटला, "थोडंफार आलं असेल वाहत..."

"थोडंफार?" म्हाताऱ्यानं एकदा पट्ट्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं. मग खाली वाकून चिखलाचा गोळा उचलला आणि सुनेच्या हातात दिला. "बुजव पोरी. खाचर तुझंच. कसं कसायचं ते तुझं तू बघ."

तिनं बीळ बुजवलं, वर टाच मारून घट्ट केलं. धाकटा तिथंच घुटमळत राहिला. "वहिनी... माझं बाकीचं भात अजून उपाशीच आहे की."

"टाकीपाशी या उद्या," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याऐवजी त्याची बायको घमेलं घेऊन आली. बिचारीचा पदर नाकाला, नजर खाली. थोरलीनं तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं, तिला ओसरीवर बसवलं, पुढ्यात चहा ठेवला.

"तू निवांत पी गं," ती म्हणाली. "आणि घमेलं इथंच राहू दे. ज्याचं भात उपाशी आहे, त्यानं स्वतःच्या डोक्यावर न्यावं."

उन्हं वर यायच्या आत तो आला. मी गवत कापायचं थांबवून बघत राहिले. घमेलं काठोकाठ भरून थोरलीनंच त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"सांभाळून, भावजी," ती म्हणाली. "सांडू नका."