फुटलेला चेहरा आणि सहाशे ठिपके

शिंपीणकाकूंच्या दुकानासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. दाराशेजारी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा पुरुषभर उंच फोटो, आणि चेहऱ्याचे नुसते चौकोन चौकोन! फोनवर बघावं तर माणूस लख्ख हसतोय. कागदाजवळ जावं तर नाक कुठलं नि डोळा कुठला, पत्ता नाही.

गावात उतरलेले एक दाढीवाले बाबा फोटोसमोर डोळे मिटून डुलत होते. "आत्मा फुटलाय, माई. तुकड्यातुकड्यातून ओरडतोय, दुकान बंद कर! कुलूप घाल, किल्ली माझ्याकडं दे."

काकूंनी कुलूप उचललं. याच दुकानाच्या कमाईवर त्यांच्या दोन पोरी शिकत होत्या.

छापखानेवाला मागंच उभा होता. फोटो त्यानंच छापलेला. गप्प बसला असता तर खापर आत्म्याच्या माथी फुटलं असतं, याचं नाव शाबूत. पण त्याच्यानं राहवेना.

"काकू, थांबा! आत्मा नाही फुटला, माझी अक्कल फुटली."

"मधे बोलू नकोस, पाप लागेल!" बाबा कडाडले.

"लागू दे. तुम्ही जरा हसा बघू." त्यानं बाबांचा फोटो टिपला, स्वतःलाच मेसेजवर धाडला, शेजारच्या आपल्या छापखान्यात गेला आणि तेवढाच मोठा छापून आणला. फोनवर बाबा देखणे. कागदावर दाढीची पार फरशी झालेली!

एक आजी ओरडली, "अगं बाई, बाबांचाही आत्मा फुटला! आणि हे तर अजून धडधाकट!"

हशा पिकला. बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

"फोटो म्हणजे ठिपके," छापखानेवाला म्हणाला. "मेसेजवरनं येताना काकूंचा फोटो आकसला, रुंदीला सहाशे ठिपके उरले. फोनला तेवढे पुरतात. हातात धरायच्या कागदाला इंचाला तीनशे लागतात, म्हणजे हा छापावा दोन इंचाचा. मी शहाण्यानं तीस इंच ताणला! इंचाला वीसच ठिपके आले. वीतभर कापडात पुरुषभर सदरा शिवाल का, काकू?"

"मी नाही शिवणार. तूच शिवलास, मेल्या!" काकू रडता रडता हसल्या.

काकूंच्या थोरल्या पोरीकडं कॅमेऱ्यातला मूळ फोटो निघाला, रुंदीला चार हजार ठिपक्यांचा. एवढा मोठा फोटो चार पावलांवरनं बघायचा, त्याला इंचाला सव्वाशेही चालतात. त्यानं फुकट छापून दिला. फोटोतल्या नवऱ्याच्या गळ्यातल्या टेपवरचे आकडेसुद्धा वाचता येत होते.

तर मंडळी, अजब काही दिसलं की हात जोडायच्या आधी ज्यानं ते बनवलं त्याला गाठा, विचारा, कसं केलंस? आणि बनवणाऱ्यानंही चुकलं तर चुकलं म्हणावं. आपण चूक लपवली की तिचा चमत्कार करायला कोणीतरी टपलेलाच असतो.