आतल्या बाजूच्या टिपा

या, असे जवळ सरका. आज एका नणंद-भावजयीची गोष्ट सांगते. घाबरू नका, भांडणाची नाही. दोघींचा एकमेकींवर एवढा जीव, की त्या जीव लावण्यातूनच घात व्हायची वेळ आली होती.

बाजाराच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांची शिवणाची खोली. तीन मशिनी, कापायचं लांब टेबल, खिडकीशी इस्त्री, आणि मागच्या दोन खोल्यांत राहणं. थोरला भाऊ कापायचा, त्याची बायको शिवायची, आणि त्याची चौतीस वर्षांची धाकटी बहीण काजं-बटणं करायची. म्हणून तिला सगळे ‘बटण’च म्हणत. तिची काजं इतकी एकसारखी, की गिऱ्हाईक विचारी, “काजाचं मशीन कुठलं हो?” भाऊ बहिणीकडे बोट दाखवी. “हे काय. आवाज जरा जास्त करतं, पण चालतं छान.”

दोन वर्षांपूर्वी बटणला सीलिअ‍ॅकचा आजार निघाला. गहू किंवा जव पोटात गेला की तिचंच शरीर तिच्या आतड्यावर उलटायचं. डॉक्टरांनी दोन्ही कायमचे बंद केले. भावजयीने त्याच दिवशी वेगळं पातेलं, वेगळी पळी, वेगळी ताटली आणली, फडताळातला वरचा कप्पा बटणला दिला आणि नवऱ्याला बजावलं, “पावाचा हात ह्या कप्प्याला लावलात तर बघा. कात्री मलाही चालवता येते.” बटण आपलं आपणच शिजवून घेऊ लागली. पोटदुखी थांबली, जुलाब थांबले. घराने देवाचे आभार मानले आणि मग, तुम्ही-आम्ही होतो तसंच, निर्धास्त झालं. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं होतं, ते राहूनच गेलं.

बटणचे कपडे मात्र सैल होत गेले. “वहिनी, हा झगा जरा आत घेतेस?” असं म्हणायचा अवकाश, की भावजय हातातलं काम टाकून दोन्ही बाजूंना एकेक टीप मारून देई. “पोटाची सूज उतरतेय तुझ्या,” असंही म्हणे. बटण पुन्हा नीटनेटकी. खालची फुलवाली तर म्हणायची, “काय बांधा राखलाय हो हिने! आमचं बघा, गोणी.” दुसऱ्या कुठल्या घरात तो झगा खांद्यावरून लोंबला असता आणि कोणीतरी ओरडलं असतं. शिंप्याच्या घरात ओरडायच्या आधीच टीप पडायची.

त्या आठवड्यात शाळेचे साठ गणवेश शनिवारी द्यायचे होते. मंगळवारी सकाळी भावाने एक पांढरा सदरा उचलला आणि त्याचं तोंड उतरलं. कॉलरवर रक्ताचा ठिपका.

“बटण, हे काय? आणि हे काज बघ. तिरकं गेलंय.”

“माझ्याकडून? छे.”

“मग काय कॉलरने स्वतःला टोचून घेतलं?”

बटणने बोट पाहिलं. सुई टोचून रक्त येत होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. “मुंग्या असतात बोटांना हल्ली,” ती म्हणाली. “बसून बसून होतं.”

“बसून पायाला मुंग्या येतात. तू काय बोटांवर बसतेस?” भाऊ हसला आणि पुन्हा कापायला वळला.

भावजय हसली नाही. तिने बटणचा हात उजेडात धरला. नखं मधोमध खोलगट झालेली, पाण्याचा थेंब टेकवला तर तिथेच राहील अशी. दंडावर जांभळा डाग होता.

“हा कुठे लागला?”

“आठवत नाही.”

ओठांचे कोपरे चिरलेले होते. रोज समोर बसणाऱ्या बाईच्या ओठांकडे आपण बघतो कुठे?

“जीभ दाखव.”

“वहिनी, मी काय लहान आहे?”

“दाखव म्हणते ना!”

जीभ लालभडक, गुळगुळीत, चकचकीत. भावजय तडक आत गेली आणि वरच्या कप्प्यातलं पातेलं उघडलं. त्या पातेल्याला कोणी हात लावायचा नाही, हा नियम तिचाच. तो तिने स्वतःही इतका पाळला होता, की दोन वर्षांत ती आत डोकावली नव्हती. पातेल्यात मूठभर भात होता. वर मीठ.

“एवढंच? डाळ कुठाय?”

बटण दाराशी येऊन उभी राहिली. “गेल्या वर्षी डाळीच्या पिशवीत गहू निघाले होते, आठवतं? तीन दिवस तळमळत होते मी. तेव्हापासून डाळ नको वाटते. मग शेंगदाणे सोडले. मग दूध, भाजी… काय सांगावं, कशात काय असेल. भाताने मला काही होत नाही.”

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल.”

“नाही.” बटण एकदम मागे सरकली. “पोट दुखत नाही तर कशाला? ते अजून काहीतरी बंद करतील. वहिनी, माझ्याकडे आता भातच उरलाय गं.”

भावजयीने वाद घातला नाही. दोरीवर बटणचा निळा झगा वाळत होता, तो ओढून टेबलावर उलटा पसरला. दोन्ही बाजूंना आतून चार-चार टिपा. निळा दोरा, करडा, काळा, मग पांढरा. ज्या वेळी मशीनवर जो होता तो. तिने टेप लावला. दोन्ही बाजू मिळून नऊ इंच.

“हे मी केलं,” ती म्हणाली. “बटण, तू माझ्या डोळ्यांदेखत नऊ इंच गेलीस आणि मी वर टिपा मारत बसले.”

भावाने कात्री खाली ठेवली. “गणवेश राहू देत,” तो म्हणाला. “शाळेला मी सांगतो. बटण, चप्पल घाल.”

दवाखान्यात काटा छत्तीस किलोवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला. मग त्यांनी पायाच्या बोटांना कापूस लावला, डोळे मिटायला सांगून. “सांगा, कुठे लावतेय?” बटण मिटल्या डोळ्यांनी कापूस लागायची वाट बघत राहिली. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

भावजयीने पिशवीतून झगा काढला. डॉक्टरीणबाई बराच वेळ टिपांवरून बोट फिरवत होत्या. “ही पहिली कधीची?”

“मागच्या उन्हाळ्यातली.”

“तेव्हाच यायला हवं होतं. पोट शांत आहे म्हणजे आतडं भरून आलं, असं नसतं. आणि भरून आलं तरी नुसत्या भातावर लोह, जीवनसत्त्वं कुठून मिळणार? नखं, जीभ, हे डाग, ही सूज… शरीर ओरडून सांगत होतं. आज इथेच राहायचं. रक्त तपासू, मग हळूहळू खायला घालू. एकदम नाही, तेही धोक्याचं असतं.”

“बोटं?” बटणने विचारलं. “माझी बोटं परत येतील ना?”

“बरीचशी येतील असं वाटतं. पुरती येतील का, ते आज नाही सांगू शकत.”

तिसऱ्या दिवशी आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी एक कागद दिला. आजवर मिळालेल्या सगळ्या कागदांवर काय खायचं नाही ते असायचं. ह्यावर काय खायचं ते होतं, दोन्ही बाजू भरून. बटणने तो वाचला आणि उशीखाली सारला. ताटातल्या डाळीला तिने हात लावला नाही.

“यात काही गेलं असलं तर?”

भावजय उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक उकडलेलं अंडं होतं, सालासकट.

“हे घे. तुझ्यासमोर सोलते. देवाने बंद करून पाठवलंय, मधे कोणाचा हात लागलेला नाही. माझासुद्धा नाही.”

बटण रडता रडता हसली. साल निघेपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग इवलासा घास घेतला आणि जणू आता आभाळ कोसळणार अशी वाट बघत बसली. काही झालं नाही. दुसरा घास घेतला. अर्धं खाल्लं, अर्धं राहिलं. भावजयीने आग्रह केला नाही. नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली, आणि त्या हाताला मणक्याचा एकेक मणी लागत होता.

माझी गोष्ट इथवरच. पुढचं अजून देवाच्या हाती आहे. आज हात जोडाल तेव्हा दुसरं काही मागू नका. बटणची तेवढी आठवण ठेवा. तिच्या बोटांना अजून सुई कळत नाही.