मांडीवरची पिशवी

ती खोली रंगाच्या दुकानावर होती. जिना चढताना टर्पेंटाइनचा वास नाकात शिरायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचा. घडीच्या खुर्च्या, लाकडी जमीन, हात वर केला तर टेकेल एवढं छत. दुकानाच्या मालकांना सगळे रंगवालेच म्हणत. महिन्यातून एकदा ते ही खोली व्हायोलिनवाल्याला देत, निव्वळ हौसेखातर. पण अलीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या होत्या, आणि आजचा कार्यक्रम बघून पुढचं ठरवू, असं त्यांनी चाचरत का होईना सांगून ठेवलं होतं.

व्हायोलिनवाल्याचा जीव अशाच खोल्यांत रमायचा. मोठ्या सभागृहांचा विषय निघाला की तो नाकाने कांदे सोलायचा. तिथे लोक बघायला जातात, ऐकायला नाही. लहान खोलीत लबाडी चालत नाही, कुणी नुसती चुळबुळ केली तरी वाजवणाऱ्याला कळतं, असं त्याचं म्हणणं. मोठ्या सभागृहाने त्याला कधी बोलावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

लहान खोलीत पंचाईत एकच. व्हायोलिन हनुवटीखाली, आवाज थेट डाव्या कानात. मागच्या भिंतीपाशी काय पोहोचतंय ते वाजवणाऱ्याला कळत नाही. म्हणून तरुणपणापासून त्याची ताई शेवटच्या खुर्चीत बसायची. पिशवी तिच्या मांडीवर असली की सगळं ठीक. पिशवी जमिनीवर गेली की काहीतरी बिघडलं. पूर्वी ती बिनदिक्कत खाली ठेवायची, एकदा तर धपकन आपटली होती, आणि घरी जाताना वर चार शब्द सुनावले होते ते वेगळेच.

दोनेक वर्षांपूर्वी त्याचा डावा कान दगा देऊ लागला. खालच्या तारा नीट ऐकू यायच्या, पण सगळ्यात बारीक तारेवरचे उंच सूर धुक्यात गेल्यासारखे वाटायचे. व्हायोलिनवर बोट कुठे ठेवायचं याच्या खुणा नसतात. कान सांगेल तिथे बोट. हे त्याने एकट्या ताईला सांगितलं.

"वरचे सूर हलायला लागले की पिशवी खाली ठेव," तो म्हणाला होता. "त्या दिवशी मी कायमचा थांबेन. लोकांनी तोंडदेखलं कौतुक करायची वेळ नको यायला."

त्यानंतर पिशवी एकदाही खाली गेली नाही. साथीचा गिटारवाला वेळ जमत नाही म्हणून सोडून गेला. नेहमीची मंडळी एकेक करून दिसेनाशी झाली. पण पिशवी जागेवर होती आणि त्यामुळे त्याच्या जिवात जीव होता. दोष मग मोबाइलचा, नाहीतर हल्लीच्या लोकांचा.

आज ताईचा गुडघा सुजला होता, म्हणून तिने नवऱ्याला पाठवलं. भाऊजी देवमाणूस, पण सुरांशी त्यांचं सात जन्मांचं वैर. तो तारा जुळवत होता तेव्हाच त्यांनी टाळ्या वाजवून घेतल्या. ताईची पिशवी मात्र त्यांनी तान्हं मूल धरावं तशी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.

त्याने जीव ओतून वाजवलं. उंच सुरांची जागा आली तसे पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे घट्ट मिटले. त्याला वाटलं, रंगल्यात. मध्येच एक जोडपं पाय न वाजवता जिना उतरून गेलं. त्याने मागे पाहिलं. भाऊजींना यातलं काय कळणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी पिशवी मांडीवर दिसली आणि बरं वाटलं. तो आणखी वर चढला.

लोक गेल्यावर रंगवाले खुर्च्या मिटू लागले.

"पुढच्या महिन्यापासून इथे डबे ठेवीन म्हणतो," ते खुर्चीकडे बघत म्हणाले. "खाली जागा पुरत नाही."

"माझ्या वाजवण्यात काही खोट आहे का? असेल तर सांगा."

रंगवाल्यांनी एक खुर्ची उगाचच पुन्हा उघडली आणि मिटली. "तुम्हीही दमत असाल आता," एवढंच म्हणून ते खाली गेले.

भाऊजींना फार वाईट वाटलं. "मी माझं काम चोख केलं हं," ते जवळ येत म्हणाले. "तिने बजावून पाठवलं होतं, काय वाट्टेल ते होवो, पिशवी मांडीवरून हलवायची नाही. पाय बधिर झाला, पण हलवली नाही."

"काय वाट्टेल ते?"

"हो. म्हणाली, हल्ली मीसुद्धा तेच करते."

त्याने तिथूनच ताईला फोन लावला.

"कधीपासून, ताई?"

तिने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "वर्ष होऊन गेलं," ती म्हणाली. "खाली ठेवली असती तर तू थांबला असतास. मग काय केलं असतंस रे? मला बघवलं नसतं."

"मी विश्वासाने सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस. पण नंतर एकदा तरी तोंडाने विचारलंस? नुसता पिशवीकडे बघायचास."

त्याला राग आला आणि राग पुरता येण्याआधी लाज वाटली. विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं नव्हतं. पलीकडून ताईच्या रडण्याचा आवाज आला. तो त्याला स्पष्ट ऐकू आला.

फोन ठेवून त्याने व्हायोलिनच्या गजाचे केस सैल केले, तारा पुसल्या आणि पेटी बंद केली. भाऊजी अजून तिथेच उभे होते, पिशवी छातीशी धरून.

"आता ठेवू का रे खाली?" त्यांनी विचारलं. "हात भरून आलेत."

"ठेवा, भाऊजी."

भाऊजींनी पिशवी हळूच जमिनीवर ठेवली.